मालदीवची शाळा : सोडली आणि पुन्हा धरली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'परदेशातील शिक्षिकेचे अनुभव' असा विषय दिला होता. पण अनुभव म्हटले की विमान, समुद्र आणि नारळीची झाडे यांतच दिलेली वीस मिनिटे संपायची. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी विषय थोडा आटोपशीर केला आहे. करार पुरा होण्याआधी मी मालदीवमधील नोकरी सोडून आले आणि जवळजवळ चार वर्षांनी पुन्हा त्याच देशात इंग्रजी शिकवायला गेले, एवढ्यापुरतेच आज बोलणार आहे. याला कारणही आपणच आहात. आपल्यापैकी तिघीचौघींनी मला जिन्यात, भाजीवाल्यापाशी गाठून विचारले आहे, "काय हो, एकदा मधेच सोडले म्हणजे पुन्हा कोणी घेते का?" कोणाची मुलगी बाळंतपणासाठी नोकरी सोडून आलेली असते, कोणाची सून सासऱ्यांच्या आजारपणामुळे. त्या सर्वींना एकदमच उत्तर द्यावे, असा माझा विचार आहे.

आधी तो देश कोठे आहे ते सांगते. केरळच्या नैर्ऋत्येला हिंदी महासागरात उत्तर-दक्षिण सुमारे आठशे किलोमीटरांच्या पट्ट्यात प्रवाळाची अकराशेहून अधिक बेटे पसरली आहेत; त्यांपैकी वस्ती आहे ती दोनशेच्या आत-बाहेर बेटांवर. इंग्रजीत प्रवाळबेटांच्या कड्याला 'अटॉल' म्हणतात, तो शब्द मूळचा इथलाच. १९६५ साली हा देश इंग्रजांच्या संरक्षणातून मोकळा झाला. तेथील लोक सारे मुसलमान, भाषा दिवेही. शाळांतून दिवेही आणि इस्लाम हे विषय सोडले तर बाकी सगळे इंग्रजीतून शिकवतात, आणि दहावीला मुले केंब्रिजच्या परीक्षेला बसतात. देश लहान, बेटे विखुरलेली, सगळीकडे पुरतील इतके शिक्षक देशातच मिळणे कठीण. म्हणून कितीतरी वर्षे भारतातून, विशेषतः केरळ आणि तामिळनाडूतून, शिक्षक तेथे जात आले आहेत. त्यांत आमच्यासारखे एखाददुसरे मराठी माणूस.

मी बी. ए., बी. एड. झालेली, इकडे खासगी हायस्कुलात बारा वर्षे इंग्रजी शिकवलेले. २०१२ च्या जानेवारीत मी दोन वर्षांच्या करारावर तेथे रुजू झाले. मुलगी तेव्हा नववीत होती. यजमानांनी आणि सासूबाईंनी "जा, आम्ही बघतो" म्हटले म्हणून जाता आले. माझे बेट अगदी उत्तरेकडे होते. राजधानी मालेहून हनिमाधूपर्यंत छोट्या विमानाने आणि तेथून होडीने जायचे. त्या होडीला ते 'दोनी' म्हणतात. बेट एवढेसे, की संध्याकाळी फिरायला निघावे तर अर्ध्या तासात आपण पुन्हा निघाल्या जागी येतो. पूजेच्या मूर्ती देशात आणायला तेथे कायद्याने मनाई आहे, त्यामुळे माझे देव घरीच राहिले आणि मी सकाळी डोळे मिटून हात जोडीत असे. जेवणाचे मात्र फारसे अडले नाही. नारळ भरपूर, तांदूळ भारतातून येतो, आणि त्यांची 'रोशी' म्हणजे आपल्या रोटीचीच बहीण.

त्यांची भाषा कानावर पडू लागली तशी मला मोठी गंमत वाटू लागली. आकडे पाहा : एके, दे, तिने, हतरे, फहे, हये, हते, अशे, नुवये, दिहये. आपलेच एक, दोन, तीन! आपला 'प' तेथे 'फ' होतो आणि 'स' पुष्कळदा 'ह'. पाच ते फहे, सात ते हते, साखर ती हकुरु, पाणी ते फेन. पुस्तकाला म्हणतात फोय, आणि 'एक पुस्तक' म्हणायचे तर फोते. म्हणजे आपली पोथीच. लिपी मात्र उजवीकडून डावीकडे, आणि तिची पहिली अठरा अक्षरे चक्क जुन्या आकड्यांवरून घेतलेली, नऊ अरबी आणि नऊ देशी. एका तासाला मुले उजवीकडून लिहितात आणि दुसऱ्या तासाला माझ्यापाशी डावीकडून. पहिलीदुसरीतल्या मुलांना याचे काहीच वाटत नाही, मोठ्यांनाच नवल.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की इंग्रजी शिकवण्यात मला याचाच उपयोग झाला. 'अ' आणि 'द' ही इंग्रजीतली दोन उपपदे कोठे लावायची, हे आपल्याला जसे कळत नाही तसेच त्या मुलांनाही. व्याकरणाच्या पुस्तकातले नियम त्यांनी पाठ केले होते, पण निबंधात सगळीकडे गोंधळ. मग मी त्यांना त्यांच्याच भाषेवरून दाखवले. फोते म्हणजे कोणतेतरी एक पुस्तक, तेथे 'अ' घालायचा. त्याच पुस्तकाविषयी पुढे बोलताना तुम्ही शेवटचा 'ए' काढून टाकता, तेथे 'द' घालायचा. आपणही गोष्ट सांगताना पहिल्यांदा "एक राजा होता" म्हणतो आणि पुढल्या वाक्यात "तो राजा". इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा आहे त्यांना ही अडचण दिसतच नाही. आपण स्वतः अडखळत शिकलेलो असतो, म्हणून मूल कोठे अडखळेल ते आपल्याला आधीच कळते. क्रियापदाचेही तसेच. दिवेहीत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. तेव्हा "मी भात खाल्ला" यातला 'खाल्ला' उचलून मधे आणायचा, हा खेळ आम्ही फळ्यावर महिनाभर खेळलो.

पहिले वर्ष असे चांगले गेले. २०१३ साली माझ्याकडे दहावीचा वर्ग आला, एकोणीस मुले. परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. एप्रिलमध्ये फोन आला, की आई न्हाणीघरात पडली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा उभी राहीना. त्यातच तिला विसर पडू लागला. मी एकुलती एक. वडील आधीच गेलेले. पैसे देऊन बाई ठेवून पाहिली. ती पंधरा दिवसांत निघून गेली. आई रात्री उठून माझ्या नावाने हाका मारी.

लेकीने आईसाठी परदेशातली नोकरी सोडावी की नाही, यावर आपल्या पेठेत बरीच चर्चा झाली, हे मला ठाऊक आहे. मी गेले तेव्हा "घर टाकून गेली" म्हणणाऱ्या आणि मी आले तेव्हा "एवढी चांगली नोकरी टाकून आली" म्हणणाऱ्या, पुष्कळदा एकच असत. त्यांच्यावर माझा राग नाही. यजमानांनी फोनवर एवढेच म्हटले, "सासूबाईंना तूच हवी आहेस, दुसऱ्या कोणाचे काम नाही ते." आईजवळ येण्याचा निर्णय मला तेव्हा बरोबर वाटला आणि आजही वाटतो.

पण सोडायचे कसे, हा प्रश्न उरतोच, आणि आज मुख्यतः तेच मला सांगायचे आहे. माझ्या करारात एक महिन्याच्या नोटिशीची अट होती. मुदतीआधी सोडल्यास परतीचे भाडे स्वतःचे आणि कराराअखेरचा भत्ता नाही, असेही होते. बरोबरच्या एका शिक्षिकेने मला सुचवले, की सुटीवर जाते म्हणून सांगावे आणि तिकडूनच कळवून टाकावे. पुष्कळ जण तसेच करतात. मला ते पटले नाही. मी लेखी नोटीस दिली, तो महिना पुरा केला आणि रीतसर चार्ज दिला. एक जाड वही घेऊन एकोणीस मुलांची एकोणीस पाने केली. कोणाला पत्र लिहिता येते पण सारांश जमत नाही, कोण ऐकून उत्तरे लिहिताना घाबरते, कोणाला चष्मा हवा आहे पण घरी सांगत नाही, असे सगळे त्यात लिहिले. व्हिसा रीतसर रद्द करून घेतला, घराच्या किल्ल्या आणि ग्रंथालयाची पुस्तके परत केली आणि तशी सही घेतली.

मुख्याध्यापक मोठे वाचणारे गृहस्थ होते. मी संकोचाने निरोप घ्यायला गेले तेव्हा ते हसून म्हणाले, "मॅडम, या बेटांतली नोकरी अर्ध्यावर सोडणाऱ्या तुम्ही पहिल्या नव्हे. इब्न बतूतासुद्धा अशीच सोडून गेला होता." आणि ते खरेच आहे. तो मोरोक्कोचा प्रवासी १३४३ साली तेथे आला, काझी झाला, आणि वजिराशी बिनसल्यामुळे पुढच्याच वर्षी निघून गेला. पुढे आपल्या लहान मुलाला पाहण्यासाठी तो पुन्हा त्या बेटांवर आला, पण थोडेच दिवस राहिला. "तुम्ही परत याल तेव्हा त्याच्याहून अधिक दिवस राहा," असे म्हणून मुख्याध्यापकांनी मला दाखला दिला. त्यात स्पष्ट लिहिले होते, की आईच्या आजारपणामुळे यांनी नोटीस देऊन, कार्यभार सोपवून, मुदतीपूर्वी नोकरी सोडली. तेव्हा मला वाटले, 'मुदतीपूर्वी' हे शब्द नसते तर बरे झाले असते. पुढे तेच शब्द माझ्या कामी आले.

आई दोन वर्षे होती. २०१५ च्या सप्टेंबरात ती गेली. नंतरचे काही महिने मी नुसतीच बसून असे. तेव्हा आपल्या मंडळाने ही खोली संध्याकाळी मोकळी करून दिली आणि मी पेठेतल्या मुलींचा इंग्रजीचा वर्ग सुरू केला, हे आपल्याला आठवत असेल. फी नव्हती, पण हजेरीपुस्तक होते. पुढे मुलाखतीत "मधली वर्षे काय केलेत?" असे विचारले, तेव्हा आईची सेवा आणि हा वर्ग, ही दोन्ही उत्तरे मी सारख्याच अभिमानाने दिली.

२०१६ साली मुलगी इंजिनियरिंगला वसतिगृहात गेली, आणि मी पुन्हा अर्ज करायचे ठरवले. एका मध्यस्थाकडे गेले. त्याने माझे कागद चाळून सल्ला दिला, "बाई, ते सोळा-सतरा महिने अर्जात दाखवूच नका. अर्धवट सोडलेले दिसले की अर्ज बाजूला पडतो." मी विचार केला. ज्या देशाने मला एकदा व्हिसा दिला, ज्याच्या दप्तरी माझ्या येण्याजाण्याची नोंद आहे, त्याच देशाला मी "मी कधी आलेच नव्हते" असे सांगायचे? आणि सांगितले नाही तर माझ्या तिथल्या अनुभवाचा मला काय उपयोग? मी त्या मध्यस्थाला नमस्कार केला आणि अर्ज स्वतःच केला. त्याला मुख्याध्यापकांचा दाखला जोडला.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगते, कारण ती आपल्या बायकांपुरतीच आहे. माझी पदवी माहेरच्या नावाची, बी. एड. सासरच्या नावाचे, आणि पारपत्रावर तिसराच प्रकार, म्हणजे मधले नाव यजमानांचे पण स्पेलिंग निराळे! ही तिन्ही नावे एकाच बाईची, हे सिद्ध करता करता माझे तीन महिने गेले. विवाहनोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, नाव बदलल्याची राजपत्रातली नोंद, सगळे करावे लागले. तेव्हा ज्यांच्या मुली लग्नाच्या आहेत त्यांनी लक्षात ठेवावे : लग्नानंतर नाव बदलायचे की नाही हे मुलीने ठरवावे, पण बदलले तर सगळीकडे एकाच वर्षी, एकाच स्पेलिंगने बदलावे. पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाही लागतो, आणि तो पारपत्रावरील नावानेच मिळतो.

मुलाखत संगणकावरून झाली. पलीकडे तिघे बसले होते. त्यांनी दाखला वाचला होता. पहिलाच प्रश्न आला, "तुम्ही या वेळीही मधेच जाणार नाही, हे कशावरून?" मी म्हटले, "कोणावर काय प्रसंग येईल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून शपथ घेत नाही. ज्या कारणाने मला जावे लागले ते आता उरलेले नाही, माझी आई गेली. मुलगी मोठी झाली. आणि जावे लागलेच तर मी कशी जाते, ते तुमच्या हातातल्या कागदात लिहिलेले आहे." थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांच्यातल्या बाईंनी दहावीच्या निबंधाविषयी विचारले, आणि पुढची अर्धी मुलाखत 'अ' आणि 'द' यांतच गेली. २०१७ च्या जानेवारीत मी रुजू झाले. बेट निराळे होते, पण अटॉल तोच.

आता अशी एक गोष्ट सांगते, जी मी आजपर्यंत घरच्यांखेरीज कोणाला सांगितली नव्हती. नव्या बेटावर दुसऱ्याच आठवड्यात बालवर्गाच्या एका तरुण मदतनीस शिक्षिकेने मला हाक मारली. ती माझ्या त्या एकोणीस मुलांतली निघाली. मला फार आनंद झाला. चहा घेताना मी तिला परीक्षेचे विचारले. ती सरळपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही गेल्यावर आम्हाला अडीच महिने इंग्रजीला कोणी नव्हते. नवे सर आले तेव्हा परीक्षा तोंडावर आली होती. मी इंग्रजीत गेले. दुसऱ्या वर्षी पुन्हा बसले, तेव्हा सुटले." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले. मी विचारले, "आणि ती वही?" ती म्हणाली, "वही होती ना. कपाटात होती. पण ती वाचायला शिक्षक यायला हवा ना, मॅडम!"

त्या रात्री मला झोप आली नाही. आईजवळ गेले ते योग्यच होते. आणि त्याची किंमत या मुलीने एक वर्ष देऊन भरली, हेही तितकेच खरे. आपण बायका घरासाठी नोकरी सोडतो तेव्हा आपला त्याग सगळ्यांना दिसतो. मागे जे राहतात त्यांचेही काही जाते, ते कोणी मोजत नाही. ते मोजावे, असे मला त्या दिवसापासून वाटते. मोजले म्हणजे कोणी घरी थांबू नये असे नाही; फक्त मागच्यांची सोय अधिक विचाराने करावी.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी शिकवण्याची रीतच बदलली. शिक्षकाच्या कपाटातली वही बंद केली आणि प्रत्येक मुलाच्याच हाती एक वही दिली. तपासलेल्या निबंधातली आपली चूक त्याने स्वतः त्यात लिहायची, शेजारी बरोबर वाक्य लिहायचे, आणि तीच चूक पुन्हा झाली की तिच्यापुढे एक रेघ ओढायची. चार रेघा झाल्या की ती आपली खास चूक; तिच्यावर स्वतःच पाच वाक्ये करायची. शनिवारी, तेथे शुक्रवार-शनिवार सुटी असते, मोठी मुले धाकट्यांना वाचून दाखवीत. जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्यांची उत्तरे मी एका खोक्यात घालून वर्गातच ठेवली, कोणीही घ्यावी. हेतू एवढाच, की उद्या मी आजारी पडले, वादळाने होडी अडली किंवा आणखी काही झाले, तरी महिना-दोन महिने वर्ग आपल्या पायांवर चालावा. ती मदतनीस मुलगी शनिवारच्या वाचनाला स्वतःहून येऊ लागली. पुढे शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला अर्ज करताना तिने तो माझ्याकडून तपासून घेतला. दोन ठिकाणी 'द' राहिला होता.

या वेळी दोन्ही वर्षे पुरी झाली. २०१८ ची परीक्षा संपेपर्यंत थांबून मी डिसेंबरात परतले. आमच्या मुख्याध्यापकांच्या हिशेबाप्रमाणे मी इब्न बतूताच्या दुसऱ्या खेपेहून पुष्कळच अधिक राहिले.

भगिनींनो, "पुन्हा कोणी घेते का?" याचे माझे उत्तर असे : घेतात, पण आपण कसे निघालो ते पाहून घेतात. निघायची वेळ आली तर करार काढून नोटिशीची अट वाचा आणि ती पाळा. देणे असेल ते फेडा. व्हिसा रद्द करूनच निघा; आखाती देशांत न सांगता निघून गेलेल्या माणसाची फरारी म्हणून नोंद होते आणि पुढे प्रवेशच अडतो. सुटल्याचा दाखला घेतल्याशिवाय विमानात बसू नका, आणि त्यात खरे कारण लिहून मागा. घरी राहावे लागेल ती वर्षे लपवू नका. त्या वर्षांत हातात खडू राहील असे काहीतरी चालू ठेवा. त्याला आपले मंडळ आहे.

मंडळाला एक विनंती करून थांबते. आपल्यापैकी एखादी आजारी माणसासाठी घरी अडकली असेल, तर तिच्याकडे आठवड्यातून दोन दुपारी आपल्यातली कोणी जाऊन बसेल, अशी पाळी आपण लावू या का? माझ्या आईजवळ बसायला तेव्हा आठवड्याला दोन दुपारी जरी कोणी मिळते, तरी मी निदान त्या एकोणीस मुलांना फोनवरून शिकवू शकले असते. आज ज्या घरी बसल्या आहेत, त्यांच्याही मागे कोणीतरी वाट पाहत असेल. वही मी आणली आहे. ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे द्यावे.